कोंबडे खाणार नसाल तर अंडी उबवायला ठेवू नका

खुराडेवाला :
थोडं कडू लागेल, पण लिहितोच. गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला : "जास्तीचे कोंबडे झालेत, कुणी चांगलं घर देईल का?" चांगलं घर म्हणजे न कापणारं घर. असं घर मला तरी अजून सापडलेलं नाही. ज्याच्याकडे कोंबड्या आहेत त्याच्याकडे कोंबडा आधीच असतो, आणि आठ-दहा जणींत एक पुरतो. दोन ठेवले तर कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं जातात.

बारा अंडी ठेवलीत, नऊ फुटली, तर त्यात चार-पाच नर धरूनच चाला. टोकदार अंड्यातून नर निघतो, उबवणीच्या मशीनचं तापमान कमी ठेवलं की माद्या जास्त निघतात, हे सगळं ऐकून झालंय. कोंबड्यांत लिंग मादीकडून ठरतं, तेही अंडं बाहेर येण्याआधी. उबेवर ठरायला ती काय मगरीची अंडी आहेत?

तेव्हा माझं मत सरळ आहे. सुरी धरायची तयारी नसेल (किंवा धरणारा माणूस ठरलेला नसेल), तर अंडी खा, उबवू नका.

पाचवं_बोट :
पूर्ण असहमत. माझ्याकडे सिल्की जातीच्या कोंबड्या आहेत. अंडी कमीच देतात, पण खुडूक बसण्यात (उबवायला ठाण मांडण्यात) त्यांचा हात कुणी धरणार नाही. कोंबडी खुडूक झाली की तिला तुमचं मत विचारायचं नसतं. रिकाम्या खोक्यातही पिसं फुगवून बसते, खात नाही, वाळते.

यावर उपाय आहे. दोन-तीन आठवडे बसू द्यायची, मग रात्री अंधारात तिच्या पोटाखाली एक दिवसाची, माद्या म्हणून निवडलेली विकतची पिल्लं सरकवायची. सकाळी ती आई झालेली असते. ना जास्तीचे कोंबडे, ना सुरी.

खुराडेवाला :
बोटताई, त्या निवडलेल्या पिल्लांचे भाऊ कुठे गेले? अंड्यांच्या जातीचा नर ना अंडी देतो, ना अंगाने भरतो, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीत हे 1 जानेवारी 2022 पासून कायद्याने बंद झालं, बहुतेक ठिकाणी चालूच आहे. माझा कोंबडा निदान चार महिने उकरून, मातीत लोळून जातो. तुम्ही सुरी टाळली नाहीत, दुसऱ्याच्या हातात दिलीत.

पाचवं_बोट :
हे लागलं. खोटं नाही म्हणणार. पण मग सरसकट "उबवू नका" कसं म्हणता?

पट्टेदार :
मधला रस्ता सांगतो. ऱ्होड आयलंड रेड जातीचा कोंबडा आणि पट्ट्यांची प्लायमाउथ रॉक जातीची कोंबडी. पिल्लं सगळी काळी निघतात, पण नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या नसतो. पहिल्याच दिवशी कळतं कोण कोण आहे. माद्या पुढे अंड्यांनाही उत्तम. फक्त त्या पिल्लांचीच पुढची पिढी काढायला जाऊ नका, ठिपक्याचा नियम तिथे संपतो.

खुराडेवाला :
पट्टेदार, कळलं पहिल्या दिवशी. बरं, मग दुसऱ्या दिवशी काय करता?

पट्टेदार :
...वेगळे वाढवतो आणि खातो. म्हणजे तुमच्याच बाजूने झालं की हे.

हिशोबी :
"चार महिने वाढवून खातो" हे ऐकायला छान वाटतं. पण ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांत तयार होतो. तुमचा देखणा ऑर्पिंग्टन जातीचा कोंबडा त्या वयात नुसती पिसं आणि हाडं. एक किलो वजनामागे त्याला ब्रॉयलरच्या दुपटीहून जास्त खाद्य लागतं. खायचेच असतील तर ब्रॉयलर आणा, अंड्यांसाठी लेगहॉर्न पाळा, आणि हा "दुहेरी उपयोगाची जात" (अंडीही, मांसही) प्रकार सोडा. दोन्ही कामं अर्धवट करणारा पक्षी आहे तो.

खुराडेवाला :
ब्रॉयलर मी एकदा पाळलेत. सातव्या आठवड्यात छातीच्या वजनाने पाय फाकतात, भांड्याशेजारी बसूनच खातात. कापायचा दिवस दोन आठवडे पुढे गेला तेव्हा दोन आपोआप गेले. खाद्य कमी लागतं हे खरं. मला ते बघवलं नाही, एवढंच.

सहा_कोंबडे :
नावावरून कळलंच असेल. मी मांस खात नाही. दोन वर्षांपूर्वी उबवली, सहा नर निघाले, सहाही आहेत. वेगळं आवार केलंय. एकत्र वाढलेले आणि समोर कोंबड्या नाहीत, त्यामुळे किरकोळ चोचाचोचीपलीकडे भांडत नाहीत. (झुंजीच्या असील जातीचे असते तर हे लिहायला धजावलो नसतो.) तुमचा नियम "खा" असा का? "शेवटपर्यंत तुमची जबाबदारी" असा का नाही?

हिशोबी :
एक पक्षी दिवसाला 110-120 ग्रॅम खातो. वर्षाला चाळीस किलोच्या वर. गुणिले सहा, गुणिले पाच-सात वर्षं. शेजारी किती वाजता उठतात?

सहा_कोंबडे :
माझ्याबरोबर. साडेचारला.

खुराडेवाला :
ठीक. शब्द बदलतो : खाणार किंवा मरेपर्यंत पोसणार नसाल तर उबवू नका. पण दुसऱ्या प्रकारचे लोक शंभरात दोन, आणि मला निरोप पाठवतात ते उरलेले अठ्ठ्याण्णव.

खाणाऱ्यांसाठी, कारण दर वेळी "चिवट निघाला" हीच तक्रार येते. सोळा-अठरा आठवड्यांत उरका. आदल्या रात्री दहा-बारा तास खाद्य बंद, पाणी चालू. पाठलाग करून धरू नका, अंधारात खुराड्यातून उचला. पिसं काढायला 60-65 अंशांचं पाणी, मिनिटभर पुरतं. उकळतं घेतलंत तर कातडी सोलून येते. आणि लगेच शिजवू नका. कापल्यानंतर आलेला ताठरपणा जाईपर्यंत दिवस-दीड दिवस थंडीत ठेवा. चिवटपणाचं मूळ बहुतेकदा इथे असतं, जातीत नाही. वर्षाचा झालेला असेल तर मात्र मंद आचेवर तासन्‌तास, दुसरा इलाज नाही. औषध चालू असलेला पक्षी त्याचे सांगितलेले दिवस संपेपर्यंत कापू नका.

नवखा_उबवणारा :
तुमचं चालू द्या, पण माझ्या मशीनचा आज अठरावा दिवस आहे. टॉर्च लावून बघितलं, अकरांत काळोख आहे, एक आतून अजून स्वच्छ पिवळं दिसतंय. ठेवू का?

पाचवं_बोट :
ते फलितच नाही, काढा. सातव्या दिवशीच बघायला हवं होतं. आत सडून फुटलं तर बाकीच्यांनाही घाण करेल. अंडी फिरवणं आजपासून बंद. तापमान 37.5 तसंच (पंख्याचं मशीन आहे ना?), आर्द्रता 65-70 टक्क्यांवर न्या. पहिलं बाहेर आलं की झाकण उघडायची घाई नको. पोटातल्या बलकावर ते दोन-तीन दिवस काढतं.

नवखा_उबवणारा :
पंख्याचंच आहे. काढलं ते. आणि आमची एक कोंबडी पाच दिवस खुडूक बसलीय. अकराही तिच्याखाली हलवू का?

पाचवं_बोट :
हलवा. आज रात्रीच, दिवा न लावता.

खुराडेवाला :
तीन दिवस राहिलेत, मशीन नीट चालू आहे. कशाला हात लावताय?