साडेतीन वर्षांच्या लेकीसाठी 'बुडतं की तरंगतं' : घरातलं काय काय वापरू?

प्राजक्ता_सडा
लेक आंघोळीच्या बादलीत मग, झाकणं, साबणाची डबी असं काहीबाही टाकून बघत बसते. म्हटलं, हेच जरा नीट खेळूया. ऑनलाइन किट आणि फ्लॅशकार्डं बघितली, किंमत बघून गप बसले. घरातल्याच वस्तू घेऊन पंधरा-वीस मिनिटं रमेल असं काही सुचवा. दोन अडचणी आहेत. काहीही बुडलं की ती म्हणते 'जड आहे म्हणून'. आता एवढ्याशा पोरीला घनता कशी समजवायची? आणि आमच्याकडे पाणी सकाळी तासभरच येतं, रोज टब भरणं परवडणारं नाही.

बालवाडीतली_ताई
घनता अजिबात समजवू नका. 'जड म्हणून बुडलं' हे तिने स्वतः बघून काढलेलं अनुमान आहे, ते खोडून काढायची घाई कशाला? त्यापेक्षा त्या अनुमानाला धक्का देणारी वस्तू तिच्या हातात द्या. सगळ्यात भारी म्हणजे कलिंगड. आधी तिलाच उचलायला सांगा, उचलणार नाहीच. मग तुम्ही ते पिंपात सोडा, मजेत तरंगतं. त्यानंतर एक रुपयाचं नाणं टाकायला द्या, गपकन तळाला. 'असं कसं गं झालं?' एवढंच विचारायचं आणि आपण तोंड मिटून बसायचं. उत्तर काहीही येऊ दे. आमच्या वर्गात एकाने सांगितलं होतं, 'कलिंगडाला पोहायला येतं.' मी पुढे विचारलं, 'मग भोपळ्याला येत असेल का?' आणि सगळा वर्ग भोपळ्याच्या मागे लागला. (येतं. लाल भोपळाही तरंगतो.)

दोन ताटल्या ठेवा, एक 'बुडेल'ची, एक 'तरंगेल'ची. पाण्यात टाकायच्या आधी वस्तू कुठल्या ताटलीत, ते तिने ठरवायचं. अंदाज चुकला तरी 'चूक' म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती पाण्याकडे बघायच्या ऐवजी तुमच्या तोंडाकडे बघेल.

ताकभात
पाण्याचं सोपं आहे. पारदर्शक बरणी किंवा पाच लिटरचा जुना डबा घ्या. वस्तू तळाशी जाताना बाजूने दिसते, टबात ते दिसत नाही. खेळ झाला की पाणी कुंड्यांना. कलिंगडाचा कार्यक्रम मात्र पिंप भरायच्या वेळीच उरकायचा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेली वस्तू म्हणजे संत्रं. सालीसकट टाकलं की तरंगतं. मग तिलाच सोलायला द्यायचं (यातच पाच मिनिटं जातात, तेही फायद्याचं) आणि सोललेलं टाकायचं. बहुतेक वेळा तळाला जातं. हलकं झालं तरी बुडलं! सालीत हवेच्या बारीक बारीक जागा असतात, साल गेली की ती हवाही जाते. कधी मधल्या पोकळीत हवा अडकून सोललेलं संत्रंही वर राहतं, तेव्हा फोडी सुट्या करून टाका.

बाकी स्वयंपाकघरातून बटाटा आणि द्राक्षं बुडणारी, सफरचंद आणि वांगं तरंगणारी. कांद्याचा भरवसा नाही, एक बुडेल तर दुसरा तरंगेल. मोड आणायला मटकी भिजवाल तेव्हा तिला जवळ बसवा. किडके, पोकळ दाणे वर येतात, ते वेचायचं काम तिचं.

शेतावरचा_मुलगा
मटकीवरून आठवलं. भाताचं बियाणं पेरायच्या आधी आम्ही हेच करतो. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतून ढवळायचं. पोचट बी वर येतं ते काढून टाकायचं, तळाशी बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. शेजारची पोरं यासाठी न बोलावता येतात.

घरात मिठाची गंमत अंड्यावर करा. ताजं अंडं साध्या पाण्यात तळाला बसतं. पेलाभर पाण्यात तीन मोठे चमचे मीठ पूर्ण विरघळवा, तेच अंडं वर. मीठ आधी विरघळू द्या, घाई केली तर काहीच होत नाही आणि मुलं उठून जातात.

बेलापूरकर
घनता नाही तर निदान आर्किमिडीजची गोष्ट तरी सांगा की. मुलांना गोष्टी आवडतात.

बालवाडीतली_ताई
सांगा की, पण खेळ झाल्यावर, झोपताना. पाण्यात हात असताना कोणी गोष्ट ऐकत नाही.

उलट आकाराचा खेळ घ्या. खेळायच्या क्लेचा गोळा बुडतो. तोच गोळा दाबून, कडा उचलून खोलगट वाटी केली की तरंगतो. क्ले तेवढाच, वजन तेवढंच. कणीक वापरू नका, पाणी चिकट होतं. स्टीलचा चमचा बुडतो आणि स्टीलची वाटी तरंगते, हेही मुलांना चक्रावून टाकतं. त्या वाटीत एकेक शेंगदाणा टाकत जायचं, कितव्याला बुडते ते मोजायचं. वाटी तिरकी झाली की पाणी आत शिरून आधीच बुडते, त्यामुळे शेंगदाणे सगळीकडे सारखे ठेवायला हवेत. हे तिचं तिला कळेल.

निवृत्त_नाना
आमच्या वेळी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधायचे, तेव्हा वरचं भोपळ्याचं ऐकून बरं वाटलं.

एक जुनी युक्ती देतो. लग्नात मुहूर्त साधायला घटिकापात्र असायचं. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की हळूहळू भरत जाते आणि 24 मिनिटांनी बुडते, म्हणजे एक घटिका झाली. दिवस-रात्र मिळून अशा 60. घरी नारळाची अर्धी करवंटी घ्या, डोळे असलेली बाजू. शेंड्या घासून काढा आणि मऊ डोळा टोचून मोकळा करा. ती फार लवकर बुडेल, पण या वयाला तेवढंच बरं. प्लास्टिकचा कप घेतलात तर पाणी भरूनही तो तरंगत राहू शकतो, तेव्हा तळात दोन नाणी ठेवा. 'करवंटी बुडेपर्यंत खेळणी उचलायची' असं आमच्या नातवाशी ठरलेलं आहे, आणि तो ते खरंच पाळतो.

मुसळधार
कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाणी वीतभर असलं तरी मूल बुडू शकतं. फोन वाजला तर मुलाला उचलून सोबत न्या, आणि खेळ झाला की भांडं लगेच रिकामं करा. धाकटं भावंड असेल तर चिंचोके, मणी, हरभरे नकोत. नाकात घातलेला हरभरा फुगतो आणि मग रात्री डॉक्टर शोधत फिरावं लागतं. पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी घरातच आणू नका. बटन सेलही नकोत.

प्राजक्ता_सडा
नाना, करवंटी नक्की. ताई, 'तोंड मिटून बसायचं' हे मला सगळ्यात अवघड जाणार आहे. शनिवारी सकाळी पाणी आलं की कलिंगड, मग संत्रं. आंबा चालेल का? सध्या घरात पेटी आहे.

शेतावरचा_मुलगा
चालेल, पण आधी स्वतः तपासून ठेवा. बागेत झाडावरून उतरवलेली फळं पाण्यात टाकून पारखतात, जून झालेलं फळ बुडतं, कोवळं तरंगतं. तुमच्या पेटीतले बहुतेक बुडतील. एखादी कैरी सोबत टाकून बघा. पिकून मऊ झालेला आंबा मात्र देऊ नका, तिच्या हातात चेपून पाणी पिवळं होईल आणि तो कोणी खाणारही नाही.