मदत हवी आहे: डिसेंबरात थेसालोनिकी, माळकरी आई आणि मासेखाऊ बाबा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन थेसालोनिकीला जायचं ठरतंय. आम्ही श्टुटगार्टला असतो, दोघं रत्नागिरीहून आलेत. ग्रीस म्हटलं की जो तो सँटोरिनी सुचवतो, पण हिवाळ्यात तिथली बरीचशी हॉटेलं बंद असतात. शिवाय बाबांना निळ्या घुमटांपेक्षा अलेक्झांडरच्या वडिलांची कबर बघण्यात जास्त रस आहे. आणि थेसालोनिकी पडलं खाण्याचं गाव, २०२१ पासून युनेस्कोच्या खाद्यशहरांच्या यादीत असलेलं.

खरी अडचण खाण्याचीच आहे. आई माळकरी. कांदा-लसूण चालतो, पण अंडं, मांस, मच्छी अजिबात नाही. १५ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर हा ऑर्थोडॉक्स लोकांचा नाताळाआधीचा उपास. तेव्हा बऱ्याच ठिकाणी 'निस्तीसिमो' म्हणजे उपासाचे पदार्थ मिळतात. त्यात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. हे ऐकून आई खूश! पण त्या उपासाला शिंपले, माकूळ, ऑक्टोपस चालतात. म्हणजे पाटी बघून निर्धास्तपणे भात मागवला आणि ताटात काळे शिंपले आले, तर ट्रिप तिथेच संपली. बाबांना मात्र नेमका तोच भात हवाय. जवळच्या हालास्त्राचे शिंपले प्रसिद्ध आहेत हे त्यांनी कुठूनतरी शोधून काढलंय. एकाच टेबलावर दोघांचं कसं जमवायचं?

फिरण्याचं म्हणाल तर पांढरा बुरूज, गालेरियसची कमान, रोटुंडा, आयिओस दिमित्रिओसचं चर्च हे चालत होईल. मेट्रोच्या वेनिझेलू स्टेशनात खोदकामात सापडलेला जुना रस्ता जपलाय, तोही बघू. आनो पोलीचं काय करू? १९१७ च्या आगीतून ती वरची वस्ती वाचली, त्यामुळे जुनी घरं तिथेच आहेत. पण चढ आहे आणि बाबांचे गुडघे कुरकुरतात.

वर्जिना (अलेक्झांडरच्या वडिलांची कबर तिथेच) बसने एका दिवसात होईल का? साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो म्हणून धास्ती वाटते.

आणि एक. पहिल्या महायुद्धात सलोनिका (म्हणजे थेसालोनिकीच) आघाडीवर आलेल्या भारतीय सैनिकांची दफनभूमी तिथे मोनास्टिर रोडवर आहे. कोणी गेलंय का? बाबांचे आजोबा पलटणीत होते (तिकडे नव्हते), तरी त्यांना जायचंच आहे.

प्रतिसाद

आईंसाठी 'होरीस थालासिना' (शिंपले, माकूळ, ऑक्टोपस वगैरे नको) आणि 'होरीस अव्गो' (अंडं नको) हे दोन शब्दप्रयोग पाठ करून जा. गिगांदेस मागवा, पावट्याहून बरेच मोठे पांढरे दाणे टोमॅटोत भाजलेले असतात. वांग्याचं मेलिट्झानोसालाता हे भरीतच समजा. सकाळी रस्त्यावर तिळाची कुलूरी (कड्यासारखा गोल पाव) मिळते. बुगात्सा (पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजलेला पदार्थ) दुकानातच खा: अर्धगोल सुरीने खटाखट तुकडे करून वर पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरतात. मात्र क्रीमच्या बुगात्सात बऱ्याचदा अंडं असतं, चीजच्यातही विचारून घ्या. खिम्याचाही मिळतो, तो बाबांना.

आनो पोलीला टॅक्सीने वर एप्तापिर्गिओ किल्ल्यापर्यंत जा आणि उतरत या. पाऊस पडला असेल तर विसरा, दगडी गल्ल्या फार निसरड्या होतात.

वर्जिनाला आधी वेरिया गावाची बस, मग तिथून टॅक्सी. सकाळची पहिली बस धरा, दुपारच्या भरवशावर राहू नका. कबरींचं संग्रहालय टेकाडाखाली जमिनीत आहे, त्यामुळे पावसाची चिंता नाही. आत अंधार आणि प्रकाश फक्त सोन्याच्या वस्तूंवर. १९७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ आंद्रोनिकोस यांना सापडलेली सूर्यचिन्हाची पेटी तिथेच आहे. फिलिपचा (अलेक्झांडरच्या वडिलांचा) राजवाडाही २०२४ पासून बघता येतो, पण तो उघड्यावर आहे. तेव्हा आधी राजवाडा, मग कबरी.

दफनभूमीत मी गेलेलो नाही. छत्रीपेक्षा कानटोप्या न्या, वारदारिस वारा सुटला की किनाऱ्यावर छत्री उलटीच होते.

धागाकर्ती

खूप खूप धन्यवाद! वेरियाहून टॅक्सी पक्की. बाबा विचारतायत, पात्सास म्हणजे वजडीचंच सूप ना?

प्रतिसाद

वजडीचंच. वरून लसूण घातलेलं व्हिनेगर भरपूर घ्यायला सांगा. आईंना त्या दुकानात नेऊ नका, वास दारापर्यंत येतो.