मदत हवी आहे: फिरवला की चौरसाची 'शंकरपाळी' होते!

मंडळी, लेक साडेपाच वर्षांची, सीनियर केजीत आहे. आकारांची नावं तोंडपाठ. भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं की गोल, चौरस, त्रिकोण धडाधड म्हणते. पण तोच चौरस कागद फिरवून कोपऱ्यावर उभा धरला की, "आता ही शंकरपाळी झाली." सरळ केला की परत चौरस. लांबट, अरुंद त्रिकोण काढला तर "हा त्रिकोण नाही, काटा आहे." समोसा मात्र त्रिकोण, टोकं गोलसर आणि पोट फुगलेलं असलं तरी!

दुसरी अडचण वर्णनाची. मी तिच्याकडे पाठ करून बसायचं, तिने चित्रातला आकार शब्दांत सांगायचा आणि मी तो काढायचा, असा खेळ करून बघितला. ती हवेत हात फिरवते आणि म्हणते, "असा असा असतो गं!" खोलीचा कोपरा, टेबलाचा कोपरा कळतो, पण कागदावरच्या आकाराला तो शब्द लावत नाही.

शाळेच्या वर्कशीटमध्ये 'रंगवा आणि नाव लिहा' यापलीकडे काही नसतं, आणि तिथले झाडून सगळे त्रिकोण समभुज, बुडावर बसलेले.

वर्णन करायला कसं शिकवू? आणि चौरस हाही आयतच असतो हे आत्ता सांगायचं का? नवरा म्हणतो सांगून टाक, मला वाटतं गोंधळेल. कृपया महागडी किट सुचवू नका, एक आधीच माळ्यावर आहे.

प्रतिसाद

ताई, मी पहिली-दुसरीला शिकवते. तुमच्या लेकीचं काही चुकत नाहीये. नेदरलँड्समधल्या व्हॅन हीले दांपत्याने 1957 मध्ये हेच मांडलं होतं: आधी मूल आकार अख्खा, चेहरा ओळखावा तसा ओळखतं, बाजू-कोपरे मोजून ठरवणं ही पुढची पायरी. आणि ती नुसतं वय वाढून येत नाही, तसे अनुभव द्यावे लागतात.

तक्ता काही दिवस काढूनच ठेवा. वापरलेल्या आगकाड्या घ्या, गुल तोडून टाका आणि सायकलच्या दुकानात मिळते ती व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) आणा. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यात दोन्हीकडून काड्या खुपसायच्या. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या खेळण्यांमध्ये हे जोडकाम बघितलं असेल. चार काड्यांचा चौरस करून तिच्या हातात द्या. जरा दाबला की कलंडतो आणि खरीखुरी शंकरपाळी होते. मग विचारा, काड्या बदलल्या का? नाही. मग काय बदललं? इथे ती आपणहून कोपऱ्यांकडे बोट दाखवते. नंतर न दाबता नुसता फिरवायला सांगा. कोपरे होते तसेच राहतात. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र दाबून कलंडत नाही, यावर आमच्या वर्गात फार हसतात.

आणि 'त्रिकोण नसलेले' आकारही दाखवा: एक बाजू वाकडी असलेला, एका कोपऱ्याला फट राहिलेला. "हा का नाही?" याचं उत्तर देताना वर्णन आपोआप येतं. तुमच्या खेळातही तिने सांगितलं तेवढंच काढा. ती "तीन रेघा" म्हणाली तर तीन सुट्या रेघा काढून ठेवा. चिडेल, आणि मग "टोकं जोड ना!" म्हणेल. हवं होतं ते हेच.

आयताची घाई नको. फक्त 'चौरस म्हणजे आयत नव्हे' असं तोंडातून जाऊ देऊ नका, पुढे पाचवी-सहावीत निस्तरावं लागतं.

प्रतिसाद

वरच्या बाईंशी सहमत, पण सपाट आकारांपासून सुरुवातच का? किंडरगार्टनची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेलच्या खेळ-साहित्यातही मऊ चेंडू पहिला, मग लाकडी गोळा, घन आणि वृत्तचिती. काड्यापेटी कागदावर तीन तऱ्हांनी ठेवून गिरवायला सांगा, तीन वेगवेगळे आयत मिळतात. भेंडी आडवी कापून ठसे उमटवा, पाच कोपरे ती स्वतः मोजेल. गाजर सरळ कापलं तर गोल, तिरकं कापलं तर लांबट गोल.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. भेंडी घरात होती, त्यामुळे ठसे लगेच झाले (एक ओट्यावरच्या टाइलवर, तो निघत नाहीये). एका भेंडीला सहा कोपरे निघाले म्हणून आजीला बोलावून पुन्हा मोजून घेतले. व्हॉल्व्ह ट्यूब शनिवारी आणते. आयताबद्दल अजून कुणाचं वेगळं मत असेल तर लिहा, नवरा अजून ऐकत नाहीये.