मदत हवी आहे: सासूबाईंना घेऊन दापोली, चार दिवस

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. डिसेंबरात सासूबाईंना कोकण दाखवायचंय. त्यांचं वय 74, जन्म इथलाच; समुद्र पाहिलाय तो कावी-कंबोईचा, खंभातच्या आखातातला गढूळ. साने गुरुजींचं पालगड एकदा डोळ्यांनी बघायचं, हे त्या कित्येक वर्षं म्हणताहेत. म्हणून दापोली ठरवली. डोंगरावरची थंड हवा आणि आठ-दहा किलोमीटरवर समुद्र, असं दोन्ही तिथे मिळतं.

रेल्वेने खेडला उतरून पुढे गाडी करायचा विचार आहे. घाटात त्यांना मळमळतं, तर खेड-दापोली रस्ता कितपत वळणांचा आहे? आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी अगदी देवळापर्यंत जाते ना? गुडघ्यांमुळे पायऱ्या त्यांना जमणारच नाहीत. हर्णैचा मासळी लिलाव मला बघायचाय, पण त्या शाकाहारी, त्यांना त्या वासात नेणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राहणं. हॉटेल नको. मुरूड किंवा आंजर्ल्यात वाडीतलं घरगुती ठिकाण हवंय, तळमजल्यावर खोली, कमोड, आणि जेवायला मऊ भात, सोलकढी, उकडीचे मोदक. स्वतः राहून आलेल्यांनी कृपया सांगा. तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.