शब्दचर्चा : ‘सर्वोच्च गोल’ की ‘सर्वाधिक गोल’?

रेशीमबाग, नागपूर
मी शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. वर्गाबाहेरच्या फलकावर देशाच्या महिला लीगमध्ये दर मोसमात कोणी जास्त गोल केले, ते लिहायचं ठरलं. एका मुलीने मथळा दिला, ‘भारतीय महिला लीगच्या सर्वोच्च गोल करणाऱ्या खेळाडू’. ‘सर्वोच्च’ कानाला खटकतं, पण का ते मला नीट सांगता आलं नाही. एका सहकाऱ्यांनी ‘गोलंदाज’ सुचवलं. ‘टॉप स्कोअरर’साठी चांगला शब्द कोणता?

धरमपेठ
ताई, तुमचा कान बरोबर सांगतोय. उच्च म्हणजे उंच, अधिक म्हणजे जास्त. क्रिकेटमुळे मराठीत हा फरक पक्का टिकला आहे. कसोटीतली सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या ब्रायन लाराची, नाबाद ४००. पण कसोटीत सर्वाधिक धावा सचिनच्या, १५,९२१. पहिल्यात एका डावाची उंची आहे, दुसऱ्यात सगळ्या डावांची बेरीज. मोसमातले गोल ही बेरीजच, म्हणून ‘सर्वाधिक’. ‘सर्वोच्च गोल’ म्हटलं की सर्वात उंचावरून गेलेला चेंडू डोळ्यांपुढे येतो.

‘गोलंदाज’ नको. त्यातला ‘अंदाज’ फारसीतला, फेकणारा या अर्थाचा. तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज, आणि पुढे क्रिकेटने तो शब्द चेंडू टाकणाऱ्यासाठी घेतला. फुटबॉलचा ‘गोल’ इंग्रजीतून आलेला, त्याचा या गोळ्याशी संबंध नाही.

महाल
‘सर्वाधिक’ मान्य, पण अनेकवचनाचं काय? सर्वाधिक एकीचेच असतात. एकाच मोसमातल्या पहिल्या पाच जणींची यादी असेल, तर दुसरीला ‘सर्वाधिक गोल करणारी’ म्हणता येणार नाही. तिथे ‘गोलांमध्ये आघाडीवर असलेल्या खेळाडू’ लिहावं. ताईंची यादी मात्र दर मोसमाला एक नाव अशी आहे, तेव्हा अनेकवचन चालेल.

मला जास्त अडतं ते ‘भारतीय महिला लीग’पाशी. ‘भारतीय’ हे विशेषण महिलांचं की लीगचं? वाचणारा सहज महिलांना लावतो आणि फसतो. २०२२-२३ मध्ये गोकुलम केरळकडून २९ गोल करणारी सबित्रा भंडारी नेपाळची. त्याच संघाकडून २०२१-२२ मध्ये २० गोल करणारी एल्शद्दाई अचेम्पोंग घानाची. २०२४-२५ मध्ये गोकुलम केरळकडूनच २४ गोल करणारी फाझिला इक्वापुट युगांडाची. म्हणजे भारतीय आहे ती लीग. त्यामुळे ‘लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी’ आणि ‘लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी भारतीय’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. एका शब्दाने नाव बदलतं. मुलींना हे नक्की दाखवा. विशेषण कुठे बसवायचं ते व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर कळेल.

कामठी
आमच्याकडे मैदानावर ‘गोल नोंदवला’ कोणी म्हणत नाही. ‘पोट्टीनं गोल हाणला’ म्हणतात. नोंदवतो तो वहीवाला. बातमीत ‘नोंदवला’ असू द्या, पण मुलींच्या फलकावर ‘केला’ किंवा ‘मारला’ तरी लिहा. आणि बाला देवीला विसरू नका. मणिपूर पोलिसांकडून खेळताना २०१८-१९ मध्ये २६ गोल! विजेतेपद सेतू एफसीला गेलं, तरी गोल तिचेच सर्वाधिक. पुढे २०२० मध्ये ती स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली.

धरमपेठ
‘हाणला’ला माझाही पाठिंबा. त्यात पायाचा जोर ऐकू येतो. एकच सुचवतो : मोसम संपला असेल तर ‘करणारी’ऐवजी ‘केलेली’ही चालेल, पण मथळ्यात ‘करणारी’ अधिक जिवंत वाटतं.

रेशीमबाग, नागपूर
सगळ्यांचे मनापासून आभार. मथळा बदलला : ‘भारताची महिला फुटबॉल लीग – प्रत्येक मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडू’. ‘भारतीय’चं ‘भारताची’ केल्यावर तो घोळ राहिला नाही. प्रत्येक नावापुढे देश लिहिला, म्हणून आता मुली नकाशात घाना आणि युगांडा शोधताहेत. बाला देवीच्या ओळीत मात्र त्यांनी ‘२६ गोल हाणले’ असंच लिहिलं आहे. मी ते पुसलं नाही.