सदुसष्टाव्या वर्षी चॅरिटीसाठी विमानातून उडी: हिंमत की हट्ट?

अलकनंदा:
वय ६७, गुडघे बरे आहेत, बीपीची एक गोळी चालू आहे. गेल्या वर्षी यजमान गेले, त्यांचे शेवटचे दोन महिने एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेत गेले, तिथल्या नर्सेसनी जे केलं ते ह्या जन्मात फिटायचं नाही. आता त्या संस्थेसाठी निधी जमवायला टँडेम स्कायडायव्ह ठेवलाय, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधून घेऊन उडी, आणि मी नाव देऊन बसलेय. घरात सांगितल्यापासून मुलगा धड बोलत नाहीये. म्हणतो पैसेच द्यायचेत ना, देऊन टाक की, उडी कशाला? मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही म्हणून विचारतेय. गोडगोड नको, खरं वाटतं ते बोला.

रोखठोक:
ताई, मुलगा बरोबर बोलतोय. स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागातल्या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या पॅराशूट दुखापतींचा हिशोब मांडला होता, १९९९ मध्ये छापून आला. १७४ जखमी, त्यातले ९४ टक्के पहिल्यांदाच चॅरिटीसाठी उडी मारणारे. माणशी निधी जमला ३० पौंड आणि जमलेल्या दर पौंडामागे सरकारी आरोग्यसेवेला भुर्दंड १३.७५ पौंडांचा! एका पेशंटचं भलं करायला निघायचं आणि दुसऱ्या पेशंटची खाट अडवायची, कसलं दान हे?

उनाड_आजोबा:
आकडे खरे आहेत हो, पण अर्धीच गोष्ट सांगताय. तेव्हा नवख्याला थोडं शिकवून एकट्यालाच सोडायची पद्धत फार होती, पॅराशूट उघडणारी दोरी विमानाला अडकवलेली, पण उतरायचं मात्र स्वतःच्या पायांवर आणि नशिबावर. घोटे मोडणारच. टँडेममध्ये सगळं इन्स्ट्रक्टरच्या हातात असतं, पहिलं दगावलं तर दुसरं, रिझर्व्ह पॅराशूट असतं, आणि फार खाली येईपर्यंत माणूस वेगात पडतच राहिला तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्रही असतं.
मी ७१ व्या वर्षी मारली. खरी भीती उडीची नाही, दाराशी सरकण्याची. पाय बाहेर लोंबकळतायत, मागचा पोरगा ओरडतोय मान मागे, केळ्यासारखं वाका, आणि मी आयुष्यात कोणाचं ऐकलं नसेल तेवढं त्याचं ऐकलं. साधारण १३,००० फुटांवरून सुटलो, ताशी २०० किमीच्या आसपास वेग, पाऊण-एक मिनिट नुसता वारा, पोटात खड्डा वगैरे काही नाही. मग ५,००० फुटांच्या आसपास पॅराशूट उघडलं, कचकन वर ओढल्यासारखं झालं आणि एकदम शांत. त्या पाच-सहा मिनिटांत मी रडलो, का ते विचारू नका.
आणि वयाचं म्हणाल तर अमेरिकेचे थोरले जॉर्ज बुश २०१४ मध्ये, ९० व्या वाढदिवशी, चालता येत नव्हतं तरी टँडेम उडी मारून आले.

रोखठोक:
बुशसाहेब दुसऱ्या महायुद्धात पाडलेल्या विमानातून उडी मारून वाचलेले वैमानिक, शिवाय माजी राष्ट्राध्यक्ष, दिमतीला सगळा लवाजमा. ताईंच्या दिमतीला कोण?

फिजिओची_डायरी:
वयावर कशाला भांडताय, हाडांवर भांडा. पाळी गेल्यावर बायकांची हाडं गुपचूप विरळ होतात, दुखत नाही की खुपत नाही, आणि मग पॅराशूट उघडतानाचा तो कचका किंवा उतरताना जोरात बसलेली बूड मणका दाबायला पुरते. ताई, आधी बोन डेन्सिटी, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ती तपासणी, करून घ्या. दुसरं, टँडेममध्ये बऱ्याचदा बसल्यासारखं घसरत उतरतात, तेव्हा दोन्ही पाय कमरेइतके वर धरता आले पाहिजेत, नाहीतर टाच आधी टेकते आणि गेला घोटा. खुर्चीत बसून आत्ताच करून बघा, पाय सरळ समोर उचला आणि दहा आकडे मोजा. आमच्याकडे चाळिशीतल्यांनाही जमत नाही! रक्त पातळ करायची गोळी, नुकतं झालेलं डोळ्याचं ऑपरेशन, बसलेले कान, हे असेल तर सरळ नाही म्हणा. आणि डॉक्टरांना नुसतं "मी फिट आहे ना" विचारू नका, उंची, वेग, कचका सगळं सांगून विचारा.

सूनबाई_४४:
कोणी बोलत नाहीये ते मी बोलते. माझ्या सासूबाई साध्या ट्रेकला गेल्या, खुबा मोडला. त्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं, काय हो जिद्द! आणि बेडपॅन मी दिलं, रजा माझी गेली, सहा महिने. उडी तुमची असते काकू, पडणं अख्ख्या घराचं असतं. मुलगा बोलत नाही म्हणजे रागावलाय असंच कशावरून, घाबरला असेल, वर्षभरापूर्वीच बाप गेलाय त्याचा.

अलकनंदा:
हे वाचून जरा गप्प झाले. पण सूनबाई, घरात बाथरूममध्ये पाय घसरूनही खुबा मोडतो, म्हणून मी अंघोळ सोडू का? दोन महिने त्या खोलीत बसून सगळं दुसऱ्यांच्या हातात होतं. आता एकदा तरी मी ठरवलेलं काहीतरी व्हावं असं वाटतं. हे मुलाला सांगता येत नाही, म्हणून चॅरिटी चॅरिटी करतेय, तेही कबूल.

रोखठोक:
आता कसं खरं बोललात. मग स्वतःच्या हौसेला स्वतःचे पैसे लावा एवढंच म्हणणं आहे माझं. बऱ्याच ठिकाणी ठरावीक निधी जमवला की उडी "फुकट", म्हणजे त्या उडीचा खर्च लोकांच्या देणगीतूनच वळता होतो. शेजारीपाजारी हॉस्पिससाठी म्हणून देणार आणि त्यातलं विमानाचं इंधन किती ते त्यांना कळणारही नाही. ब्रिटनमधले माजी सैनिक कॅप्टन टॉम मूर आठवा, ९९ वर्षांचा माणूस, २०२० मध्ये वॉकर घेऊन स्वतःच्या बागेत १०० फेऱ्या मारल्या आणि ३ कोटी पौंडांच्या वर जमवले. विमान लागलं नाही.

पेन्शनर_पिंट्या:
असे टॉम मूर एकच होतात हो, मी चाललो तर माझी बायकोही पैसे देणार नाही 😄 पण "देऊनच टाक ना" वाल्यांसाठी एक, ऑलिव्होला आणि शाफिर ह्या दोघांचं २०१३ चं संशोधन आहे, देण्यासाठी कष्ट किंवा त्रास सोसायचा असेल तर लोक उलट जास्त देतात. आपल्याकडे अनवाणी वारीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

रोखठोक:
जास्त देतात हे मान्य. म्हणून जास्त धोका घ्या असं त्यातून निघत नाही.

अलकनंदा:
आज संस्थेत फोन केला. रोखठोक, तुमचंच बरोबर निघालं, उडीचा खर्च देणगीतूनच जाणार होता. मी सांगितलं तो मी वेगळा भरते, तसं लिहून द्या, तर त्या मुलीला ते नवीनच होतं, वरिष्ठांना विचारून सांगते म्हणाली. बोन डेन्सिटी गुरुवारी. पाय आठ आकड्यांपर्यंत राहतात, नवव्याला थरथरतात. रिपोर्ट वाईट आला तर नाव काढून घेणार, हे आधीच लिहून ठेवते म्हणजे नंतर पळवाट नको.

सूनबाई_४४:
आणि मुलाशी बोललात?

अलकनंदा:
नाही अजून. ते उडीपेक्षा अवघड आहे.