प्रतिसाद : ५५ इंची टीव्ही, पण टेबल केवढं?

५५ इंची ४के टीव्ही घेऊन मॉनिटर म्हणून त्यावर इलस्ट्रेटर (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चालवायचा म्हणताय, तर आधी बसायची जागा मोजा. मुंबईतल्या घरात टेबल जेमतेम दोन फुटांचं. तेवढ्यावरून ५५ इंच बघायचे म्हणजे मान दिवसभर डावी-उजवीकडे. शिवाय ४केचे तेच ३८४० बाय २१६० पिक्सेल (ठिपके) मोठ्या पडद्यावर पसरतात: ५५ इंचांत इंचाला साधारण ८०, ४३ इंचांत १०२. ४३च्या पुढे मी तरी जाणार नाही.

खरी गोम रंगांत आहे. बरेच टीव्ही नेहमीच्या मोडमध्ये रंगाची माहिती पूर्ण ठेवत नाहीत. ४:२:० या पद्धतीत तर रंगाची नोंद चार पिक्सेलमागे एकदाच. सिनेमात ते कळतही नाही, पण काळ्यावर बारीक लाल अक्षरं टाकून बघा, कडा फिसकटलेल्या दिसतात. म्हणून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा नाहीतर मॉलमध्ये, लॅपटॉप आणि केबल सोबत न्या. सेल्समन कुरकुरेल, कुरकुरू दे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये इनपुटला 'पीसी' नाव द्या, शार्पनेस उतरवा, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद करा आणि ४:४:४, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग, येतं का ते तिथेच पाहा. टीव्हीचं केबल लावायचं पोर्ट जुनं एचडीएमआय १.४ असेल तर ४के सेकंदाला ३० चित्रांवर, म्हणजे ३० हर्ट्‌झवर अडकतं, माउस अडखळत चालतो.

ओएलईडी पडद्याचा टीव्ही दिसतो झकास, पण टूलबार दिवसभर एकाच जागी, त्यामुळे डाग राहायची भीती. छपाईचं काम असेल तर मांडणी टीव्हीवर करा, रंग मात्र कॅलिब्रेट केलेल्या (रंग अचूक जुळवून घेतलेल्या) मॉनिटरवरच तपासा. जुना २४ इंची मॉनिटर घरात असेल तर तूर्तास विकू नका.